हसनीन एफेंदींची दाद

उस्ताद वग्दी बन्हावींचा राग आधी कानांत चढतो. पाळ्या लाल होतात, मग वरची कड लाल होते, आणि ती लाली टोकाला पोचली की तोंड सुटतं. अलेक्झांड्रियात मुहर्रम बे भागातल्या मुलांच्या शाळेत ते भूगोल शिकवतात, म्हणून ते उस्ताद. त्यांच्या वर्गातली पोरं नकाशाकडे कमी आणि सरांच्या कानांकडे जास्त बघतात. पण याच कानांचा त्यांना जबरदस्त अभिमान. आमच्या घराण्यात पैसा नाही, जमीन नाही, पण कान आहे, असं ते कोणी न विचारता सांगतात.

आणि घराण्याच्या कानाचा पुरावा त्यांच्या दिवाणखान्यात होता. वग्दी जन्मायच्या आधी तंता शहरात सित्त दौलत, म्हणजे दौलतबाई, या गायिकेची मैफल झाली होती, तिची टेप. त्या मैफलीत बाई एक ओळ घेते, फिरवते, परत घेते, आणि एका जागी आवाज वर नेऊन तिथंच धरून ठेवते. तेवढ्यात प्रेक्षकांतून दाद देणारा एक भरदार आवाज उठतो, "अल्लाह... अल्लाह, या सित्त. तुला तुझ्या लेकरांची शपथ, पुन्हा एकदा." मग सित्त दौलत गाता गाता हसते आणि तीच ओळ पहिल्यापासून घेते. तो आवाज म्हणजे वग्दींचे वडील, तार खात्यातले बाबूसाहेब, मरहूम हसनीन एफेंदी. वग्दी शाळेत शिकत असतानाच ते गेले. त्यांचे फोटो तीन-चार होते, पण आवाज जगात एवढाच होता.

घरी पाहुणा आला की चहा नंतर, टेप आधी. ती जागा जवळ आली की वग्दी बोट वर करायचे. बोट वर गेलं की घरात कोणी शिंकायचंसुद्धा नाही. "हे बाबा," ते म्हणायचे, आणि पाहुणा मान डोलवायचा. न डोलवून करतो काय. वग्दींच्या आई, हाग्गा फिक्रिया (हज करून आल्या म्हणून हाग्गा), त्या वेळी हटकून हसायच्या. सगळ्यांना वाटायचं, म्हातारी आठवणीनं हसली.

सगळं असं व्यवस्थित चाललं असताना हाग्गांच्या डोळ्याचा पडदा सरकला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन येत्या आठवड्यात करू, पण त्यानंतर बरेच दिवस पालथं पडून राहायचं. तोंड उशीत. टीव्ही नाही, खिडकी नाही, कोणाचं तोंड बघणं नाही. हाग्गांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि मुलाला म्हणाल्या, "वग्दी, मला फक्त तुझ्या वडिलांचा आवाज कानात घालून दे. मग मी महिनाभर पडून राहीन."

आता यात अवघड काय होतं? टेप अलीकडेच रेडिओतल्या एका निवृत्त माणसाकडून कॉम्प्युटरवर घेतली होती, तीसुद्धा लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काडीभरही न गमावता. कुवेतच्या मेहुण्यानं पाठवलेला खिशात मावणारा एक प्लेअर कपाटात पडून होता. वग्दींनी फाइल प्लेअरमध्ये घातली, बटण दाबलं, आणि प्लेअरनं ती उघडायला साफ नकार दिला. फाइल त्याच्या जातीची नव्हती म्हणे, आणि आकारही त्याला झेपणारा नव्हता. कान पाळीपर्यंत लाल झाले.

तिसऱ्या मजल्यावर समीह राहतो. तो एअरकंडिशनर बसवतो, म्हणून इमारतीत त्याला बाशमोहंदिस म्हणतात, म्हणजे साक्षात मुख्य अभियंता. हा किताब त्याला कोणी दिला हे विचारण्यात अर्थ नाही, आमच्याकडे पाना हातात धरला की मिळतो.

"एमपी-थ्री करून टाका की," समीह म्हणाला. "चहा निवायच्या आत होईल."

"एमपी-थ्री?" वग्दींनी कप खाली ठेवला. "त्यात काय होतं ठाऊक आहे का तुला? माणसाला जे ऐकू येत नसेल असं त्या यंत्राला वाटतं, ते काढून फेकतात. अरे, माझ्या कानाला काय ऐकू येतं हे ठरवणारा तो कोण? उद्या माझ्या मुलुखियाच्या भाजीतून लसूण काढून घेईल आणि म्हणेल, तुम्हाला कुठं कळणार होता."

"बरं, मग करू नका."

"करू नका काय? आईला काय देऊ, रिकामी डबी?"

समीह चहा पिऊन गेला. जाताना जिन्यात तो हसला असं वग्दींना वाटलं, आणि तेही त्यांनी रागाच्या हिशेबात धरलं.

खरं तर इथंच थांबायला हवं होतं. पण तळमजल्यावर औषधांचं दुकान आहे, आणि दुकानात डॉक्टर मौरिस आहेत. औषधं विकता विकता ते रोग्याला रोगाबाहेरच्या गोष्टींवरही सल्ला देतात. त्यांनी वग्दींना खुर्ची दिली, बडीशेपेचा काढा दिला, आणि म्हणाले, "उस्ताद, रोग फाइलीत नाही. जुन्या टेपेत खरखर असते, कुजबुज असते, खुर्च्यांची कुरकुर असते. हा सगळा कचरा तुम्ही प्लेअरमध्ये कोंबायला बघताय. आधी साफ करा, मग बदला. माझ्याकडे त्याचं सॉफ्टवेअर आहे."

वग्दींना साफसफाई पटली. कचरा कोणाला हवा असतो? मौरिसनी फाइल घेतली, दोन-चार बटणं फिरवली, आणि ऐकवलं. खरखर गेली होती. खुर्च्या गेल्या होत्या. आणि त्या निवळलेल्या शांततेत हसनीन एफेंदींचा "अल्लाह" असा उठला, की वग्दींच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील शेजारी उभे आहेत असंच वाटलं त्यांना.

घरी येऊन त्यांनी बायकोला ऐकवलं. सुहेर काकडी चिरत होती. ऐकून म्हणाली, "छान आहे. पण सित्त दौलतचं ते हसणं जरा अचानक आल्यासारखं वाटतं, नाही?"

"तू काकडी चीर," वग्दी म्हणाले.

मग त्यांनी साफ केलेल्या फाइलीवरून, मनाविरुद्ध, निव्वळ चाचणी म्हणून, सगळ्यात भारी आकड्याचं एमपी-थ्री केलं आणि आईच्या कानात घातलं. हाग्गा डोळे मिटून ऐकत राहिल्या. ती जागा आली. वग्दींचं बोट सवयीनं वर गेलं. हाग्गा हसल्या नाहीत.

"यात तुझे वडील नाहीत," त्या म्हणाल्या.

वग्दींनी एक इअरफोन आपल्या कानाला लावला. "आई, हे काय मग? अल्लाह म्हणाले की आत्ता."

"ते नाही रे. अरे, ते..."

"कळलं मला. बोलू नकोस तू. कळलं." ते सुहेरकडे वळले. चेहऱ्यावर संताप होता, पण त्याच्याखाली अभिमान मावत नव्हता. "बघितलंस? ऐंशी वर्षांची बाई, डोळ्यांना दिसत नाही, आणि एमपी-थ्रीत काय गेलं ते तिनं कानानं ओळखलं. आणि हा समीह मला सांगतो, चहा निवायच्या आत."

"त्या काहीतरी सांगत होत्या," सुहेर म्हणाली.

"काय सांगणार? जे मी कधीपासून ओरडून सांगतोय तेच सांगणार."

मग प्लेअरबरोबर आलेलं बारीक अक्षरांचं पुस्तक निघालं. त्यात लिहिलं होतं, की हा प्लेअर एका विशिष्ट जातीच्या लॉसलेस फाइली वाजवतो, फक्त त्यात कंपनीचं नवं सॉफ्टवेअर घालावं लागतं. वग्दींनी शाळेतून रजा घेतली आणि ट्राम पकडून कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेले. काचेमागं एक माणूस सूर्यफुलाच्या बिया खात बसला होता. त्यानं प्लेअरच्या पाठीवरचा नंबर कॉम्प्युटरवर घातला आणि मान हलवली.

"हा प्लेअर इजिप्तमध्ये नाही."

वग्दींनी प्लेअर त्याच्या नाकासमोर धरला. "मग हे काय आहे?"

"ते तुमच्या हातात आहे. इथं तो कुवेतमध्ये आहे."

"अहो, मेहुण्यानं पाठवला."

"मग मेहुण्याला पाठवा. तिथं सॉफ्टवेअर घालून परत मागवा. नाहीतर कस्टमचा शिक्का आणा, की तो इकडे आला."

"खिशातून आला तो. खिशाला कोण शिक्का मारतं?"

"तेच तर," माणूस म्हणाला, जसं काही वग्दींनी त्याचीच बाजू मांडली होती. "उद्या या. उद्या मोठे साहेब असतात."

उद्या मोठे साहेब नव्हते. मोठे साहेब त्यांच्या पुतणीच्या साखरपुड्याला गेले होते. वग्दींनी काचेवर हात आपटला आणि इजिप्तमधल्या समस्त काचा, त्यांच्यामागची माणसं, त्या माणसांना नोकरीला लावणारे, आणि भूगोलाचे तास बुडवून तिथं गेलेला स्वतःचा देह, या सगळ्यांचा उद्धार केला. रांगेतल्या लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक बाई म्हणाली, "खरं आहे हो, पण आता पुढं सरका." शेवटी, ज्या कामासाठी सरकारी शिक्का लागत होता, ते बियांवाल्यानंच केलं. वग्दींचा आवाज बंद व्हावा एवढ्याच हेतूनं त्यानं एक तार प्लेअरला जोडली आणि सॉफ्टवेअर घालून दिलं.

घरी येताना वग्दी ट्राममध्ये उभे होते, तरी बसल्यासारखे दिसत होते, एवढे खूश. त्यांनी मौरिसची साफ फाइल घेतली, त्या विशिष्ट जातीत बदलली, कणभरही न गमावता, आणि आईच्या कानात घातली.

हाग्गांनी ऐकलं. "अजून नाहीत," त्या म्हणाल्या.

"आई, हे लॉसलेस आहे. यात नसायला त्यांना जागाच नाही."

"वग्दी, माझं जरा ऐकशील का?"

"तू ताण घेऊ नकोस. डॉक्टरांनी काय सांगितलं? ताण नाही घ्यायचा."

"अरे, मला ताण तुझा येतोय."

पण वग्दी खोलीबाहेर गेलेले होते. जो माणूस आवाजातली काडीभर घट सहन करत नव्हता, त्याला समोर बसून बोलणारी आई ऐकू येत नव्हती. हे त्यांना त्यांच्या तोंडावर कोण सांगणार? सुहेरनं लग्नानंतर पहिली काही वर्षं प्रयत्न केला होता, मग काकडी चिरायला घेतली होती.

आता इमारतीत हा विषय पसरला. इअरफोन बदला, असं एक जण म्हणाला. तार सोन्याची हवी, दुसरा म्हणाला. दुसऱ्या मजल्यावरच्या मादाम रतीबांनी तर स्वच्छ सांगितलं, की प्लेअरला नजर लागली आहे, कुवेतहून आलेल्या वस्तूला लागतेच, आणि धूप घेऊन त्या वर आल्या. वग्दींनी त्यांना धुपासकट परत पाठवलं. पाठवताना जे शब्द वापरले, ते ऐकून मादाम रतीबा दोन दिवस जिन्यात भेटल्या तरी भिंतीकडे बघत होत्या.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, तेव्हा वग्दींनी शेवटचा उपाय काढला. घट नेमकी कुठं होते ते शोधायचं. त्या संध्याकाळी त्यांनी समीह, मौरिस आणि (सुहेरनं हातापाया पडून बोलावलेल्या) मादाम रतीबा यांना दिवाणखान्यात बसवलं. आधी मोठ्या स्पीकरवर मूळ फाइल लावायची, न साफ केलेली, न बदललेली. मग बदललेली. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि फरक जाणवला की हात वर करायचा.

"आणि एक लक्षात ठेवा," वग्दी म्हणाले. "ही परीक्षा आहे. कोणी आवाज करायचा नाही."

सित्त दौलत गात असताना गप्प बसायचं. हे त्यांनी कोणाला सांगितलं? मुहर्रम बेच्या लोकांना. ज्यांना दाद दिल्याशिवाय घास गिळवत नाही, त्यांना.

समीहनं मध्येच प्लेअर उचलून स्पीकरसमोर टेबलावर ठेवला आणि त्याचं लाल बटण दाबलं. "आमचा बाप रेडिओसमोर टेपरेकॉर्डर असाच ठेवायचा," तो मौरिसच्या कानात म्हणाला. "फाइल नाही, बदलणं नाही, भानगडच नाही." वग्दी स्पीकरच्या तारा बघत होते. त्यांनी ऐकलं नाही.

गाणं सुरू झालं. पहिली ओळ आली. मादाम रतीबांनी एक उसासा टाकला, पण तो चालून गेला. ओळ परत आली तेव्हा मौरिसनी हळूच "या सलाम" अशी वाहवा केली. वग्दींनी डोळे वटारले, पण सगळ्यांनी त्यांच्याच सांगण्यावरून डोळे मिटले होते, त्यामुळे ते वटारणं वाया गेलं. ओळ तिसऱ्यांदा आली. बाईनं आवाज वर नेला, तिथं धरला, धरूनच ठेवला. समीह खुर्चीतून उठून उभा राहिला. मौरिसनी मांडीवर थाप मारली. टेपेतला "अल्लाह" उठला, आणि त्याच्याबरोबर दिवाणखान्यातले तीन "अल्लाह" उठले. मादाम रतीबा तर नवऱ्याचं नाव घेऊन रडायलाच लागल्या.

वग्दींचे कान टोकापर्यंत पेटले. "खाली बसा, जनावरांनो," ते ओरडले, "ऐकू द्या जरा!"

परीक्षा तिथंच संपली. सगळे उठून गेले. समीह जाताना म्हणाला, "सित्त दौलतला गप्प बसून ऐकायचं, तर त्यापेक्षा माणसानं मरावं." वग्दी स्पीकरजवळ एकटेच बसून राहिले. त्यांना सगळ्या जगाचा राग आला होता, आणि सगळ्यात जास्त या गोष्टीचा, की उद्या आईचं तोंड उशीत जाणार आणि तिनं मागितलेली एक साधी गोष्ट त्यांच्या हातून झाली नव्हती. वडिलांचा आवाज घरात होता, आणि तो तिच्या कानापर्यंत पोचवता येत नव्हता.

सकाळी धावपळीत सुहेरनं तो प्लेअर तसाच हाग्गांच्या पिशवीत टाकला.

ऑपरेशन नीट झालं. वग्दी शाळा सुटल्यावर हॉस्पिटलमध्ये पोचले. हाग्गा पालथ्या पडल्या होत्या, तोंड गोल उशीच्या भोकात, कानांत इअरफोन. सुहेरनं प्लेअरमध्ये जे शेवटचं सापडलं ते लावून दिलं होतं. हाग्गांची पाठ हलत होती. वग्दींना वाटलं, आई रडते आहे. ते पलंगाशी गुडघ्यांवर बसले.

"आई, मी दुसरी फाइल करतो. आज रात्रभर बसतो. रडू नकोस, डोळ्याला बरं नाही."

"रडतेय कोण?" उशीतून आवाज आला. "सापडले तुझे वडील."

वग्दींनी तिचा एक इअरफोन काढून आपल्या कानाला लावला. आवाज भयंकर होता. सित्त दौलत जणू विहिरीत गात होती. खुर्च्यांची कुरकुर होती, खालून ट्रामची घंटा होती, मादाम रतीबांचे उसासे होते. आणि पाठोपाठ स्वतः वग्दी होते, कर्कश, "खाली बसा, जनावरांनो." लाजेनं त्यांना कुठं बघावं कळेना.

"हे कोणी केलं? हे पुसून टाकतो मी. हे आवाज म्हणायच्या लायकीचं आहे का?"

"हात लावशील तर बघ," हाग्गा म्हणाल्या. "आणि आता तरी गप्प बसून ऐक, मला उठून पळता येत नाही आणि तुलाही पळू देणार नाही." त्यांनी चाचपडत वग्दींचं मनगट धरलं. "तो अल्लाहवाला तुझा बाप नाही. तो मन्सूरा शहरातला एक तुपाचा व्यापारी होता. आमच्या पुढच्या रांगेत. दर ओळीला उठून उभा राहायचा, आणि रुंदीला एवढा, की मला अख्खी मैफल त्याची पाठ दिसली."

वग्दी म्हणाले, "पण काका म्हणायचे..."

"तुझे काका तंत्याला आले होते का? घरी बसून रेडिओ ऐकत होते. आणि तुम्ही सगळे बोट वर करून बसायचात. मी कोणाला सांगू? त्याच्या अल्लाहनंतर, बाई हसायच्या आधी, नीट ऐक."

वग्दींनी तेवढा भाग मागे घेऊन नीट ऐकला. व्यापाऱ्याची शपथ संपते आणि सित्त दौलत हसते, त्यांच्या मधल्या फटीत, दिवाणखान्यातल्या कालव्याच्या खाली, टेपेच्या खरखरीतून एक बारीक, चिडका आवाज येत होता. मौरिसनी ज्याला कुजबुज म्हणून काढून टाकलं होतं तो. आयुष्यभर वग्दींनी ज्याच्यावर बोट उभं धरलं होतं तो. "खाली बस रे जनावरा. ऐकू दे जरा."

आणि लगेच त्याच्यावर, तसाच, त्याच पट्टीत, वग्दींचा.

"बाई हसली ती व्यापाऱ्याला नाही," हाग्गा म्हणाल्या. "तुझ्या बापाला हसली. मी शरमेनं ओढणीत तोंड घातलं होतं. घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही." पाठ पुन्हा हलली. "साफ केलेल्यात ते कसे सापडणार? आणि इथं बघ, एकदा ते आणि एकदा तू. पुन्हा लाव."

वग्दींनी पुन्हा लावलं. तेवढ्यात दार उघडून समीह आणि मौरिस संत्र्यांची पिशवी घेऊन आत आले. दोघांचा जिन्यापासून वाद चालला होता, की हाग्गांना ऐकवायला फाइल कोणाची चांगली, आणि समीहचा आवाज चांगलाच चढला होता. बाई वरच्या जागी पोचली होती. वग्दींचे कान लाल झाले.

"खाली बसा रे जनावरांनो," ते गरजले, "ऐकू द्या जरा!"

दोघं जिथल्या तिथं बसले. संत्री घरंगळत पलंगाखाली गेली. हाग्गा फिक्रियांनी दुसरा इअरफोनही कानातून काढला आणि उशीत तोंड ठेवूनच म्हणाल्या, "आत्ता कुठं आवाज स्वच्छ आला."